जुन्या वर्तमानपत्रांत नागपूर शोधताना

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. कूलरमधले पाणी संपले होते, खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा वाळून कडक झाला होता आणि एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी विभागातल्या संगणकासमोर जवळजवळ रडवेली होऊन बसली होती. तिच्या प्रबंधिकेचा विषय होता १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि त्याला देशी-परदेशी वर्तमानपत्रांत मिळालेली जागा. दोन आठवडे ती वर्तमानपत्रांचे ऑनलाइन संग्रह धुंडाळत होती. "मॅडम, काही मिळतच नाही. त्या लोकांनी आपली दखलच घेतली नसावी. विषय बदलून द्याल का?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला इतकेच विचारले की शोधाच्या चौकटीत तू नेमके काय लिहिले होतेस. तिने दाखवले. इंग्रजीत तीन शब्द होते: नागपूर, फ्लॅग, सत्याग्रह. दोन आठवडे तेच तीन शब्द, त्याच क्रमाने, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर.

त्या दुपारपासून पुढचे दीड-दोन महिने आम्ही दोघींनी जे केले, ते इथे सविस्तर नोंदवून ठेवते आहे. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येतो आणि दरवर्षी मी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते.

आधी सत्याग्रहाविषयी थोडे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास तेव्हा मनाई होती. ती मोडण्यासाठी १ मे १९२३ पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघू लागल्या आणि रोज पकडल्या जाऊ लागल्या. नेतृत्व जमनालाल बजाज यांच्याकडे होते. जूनमध्ये त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल नागपुरात आले. सुभद्राकुमारी चौहान यांनीही याच लढ्यात अटक करवून घेतली. गांधीजी त्या वेळी तुरुंगात होते. अखेर १८ ऑगस्ट रोजी मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला. मध्य प्रांताचे गव्हर्नर तेव्हा सर फ्रँक स्लाय होते. साडेतीन महिने देशभरातून लोक अटक करून घ्यायला नागपूरला येत होते. अशा घटनेची बातमी वर्तमानपत्रांत नसणे शक्यच नव्हते. मग अडले कुठे होते?

पहिली अडचण नावाची होती. एखाद्या घटनेला इतिहासाच्या पुस्तकात जे नाव मिळते, ते घटना घडत असताना बातमी लिहिणाऱ्याच्या हाताशी असतेच असे नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय पत्रांत 'सत्याग्रह' हा शब्द तोवर रुळला होता, पण सिडनीत किंवा ऑकलंडमध्ये तार उतरवून घेणाऱ्या उपसंपादकाला तो वाचकाला समजावून सांगावा लागला असता. त्यामुळे परदेशी पत्रांत 'पॅसिव्ह रेझिस्टन्स', 'स्वराज फ्लॅग', 'गांधी फ्लॅग', 'एक्स्ट्रीमिस्ट', 'प्रोसेशन', 'व्हॉलंटियर' असे शब्द शोधावे लागतात. मी तिला एक को­रा कागद दिला आणि सांगितले, की त्या काळच्या इंग्रज कारकुनाने ही घटना साहेबाला कशी सांगितली असती ते लिही. अर्ध्या तासात तिने सत्तावीस शब्द लिहिले. त्यातले वीस पुढे निरुपयोगी ठरले, पण उरलेल्या सातांनी प्रबंधिका तारली.

परदेशी पत्रे आम्ही आधी का घेतली, हा प्रश्न तिच्या मार्गदर्शकांनीही विचारला होता. उत्तर व्यवहाराचे आहे. ती घरबसल्या, फुकट आणि शब्दानुसार शोधता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह' हा संग्रह २००९ पासून याच नावाने चालू आहे आणि त्यात प्रामुख्याने १९५४ पर्यंतची पत्रे आहेत, कारण त्यापुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' २००१ पासून आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'न्यूजपेपर एसजी'मध्ये 'स्ट्रेट्स टाइम्स'सारखी पत्रे आहेत. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक 'प्रोक्वेस्ट' या कंपनीच्या संग्रहात आहेत, पण तो वर्गणीचा मामला असल्यामुळे ज्या संस्थेने वर्गणी भरली असेल तिथे जाऊन बसावे लागते. साम्राज्याच्या तारांचे जाळे असे होते, की रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईहून धाडलेली चार ओळींची तार दोन-तीन दिवसांत मेलबर्नला, वेलिंग्टनला आणि सिंगापूरलाही छापली जाई. म्हणजे नागपूरचा इतिहास शोधायला निघालेल्या मुलीने पहिला थांबा ऑस्ट्रेलियात घेण्यात विक्षिप्तपणा काहीच नाही.

आता यंत्राविषयी. आपण शोधाच्या चौकटीत शब्द लिहितो तेव्हा संकेतस्थळ वर्तमानपत्राच्या पानात शोधत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. पानाचे छायाचित्र वेगळे आणि त्या छायाचित्रावरून यंत्राने अक्षर-अक्षर ओळखून तयार केलेला मजकूर वेगळा. शोध लागतो तो या दुसऱ्या मजकुरात. या प्रक्रियेला 'ओसीआर' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचा छपाईचा झिजलेला खिळा, पसरलेली शाई, पानाच्या मागच्या बाजूची उमटलेली अक्षरे, त्यातून पुष्कळदा मूळ कागदाऐवजी मायक्रोफिल्मवरून केलेले स्कॅनिंग, या सगळ्यांतून जाताना यंत्र चुकते आणि फार चुकते. इंग्रजीतला 'यू' त्याला 'एन' दिसतो, 'ई' त्याला 'सी' दिसते, आणि ओळीच्या शेवटी 'नाग' आणि पुढच्या ओळीवर 'पूर' असे तुटले असेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होतात. ट्रोव्हवर डाव्या बाजूला हा यंत्राचा मजकूर आणि उजवीकडे मूळ पान असे दिसते, आणि कोणताही वाचक तो मजकूर दुरुस्त करू शकतो. जगभरची निवृत्त मंडळी हे काम हौसेने करत असतात. माझ्या विद्यार्थिनीने त्या दुपारी पहिली दुरुस्ती केली, ती आपल्याच गावाच्या नावाची. एका बातमीत यंत्राने आपले गाव असे काही वाचले होते की उच्चारताच येऊ नये. तिने ते नीट केले, जतन केले आणि म्हणाली, "आता पुढच्या माणसाला सापडेल."

गावाच्या नावावरूनच पुढचा घोळ सुरू होतो. आज आपण इंग्रजीत नागपूरच्या शेवटी 'पी-यू-आर' लिहितो. जुन्या कागदांत 'पी-ओ-आर-ई' असे शेपूटही आढळते, आणि एकोणिसाव्या शतकात जितके मागे जावे तितके ते अधिक आढळते. अमरावतीची, वर्ध्याची, सीताबर्डीची तर इतकी रूपे आहेत की एक छोटा कोश होईल. एकट्या अमरावतीचे एक रूप इंग्रजी 'ओ' या अक्षराने सुरू होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वऱ्हाडातल्या कापसाच्या व्यापाराच्या बातम्या शोधूच नयेत. चंद्रपूर शोधणाऱ्याने 'चांदा' शोधावे, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही, पण विशीतल्या मुलांना सांगावे लागते.

बरे, नाव बरोबर लिहिले म्हणून आपलेच नागपूर मिळेल अशीही खात्री नाही. 'नागपूर' असा शोध दिला की जे निकाल येतात त्यांतला मोठा भाग छोटा नागपूरचा असतो, म्हणजे आजच्या झारखंडातल्या पठाराचा. तिथले बिशप, तिथल्या खाणी, तिथले मिशन. माझी विद्यार्थिनी दोन दिवस त्या बिशपांच्या बातम्या वाचत बसली होती आणि नागपुरात एवढे बिशप कसे, असा प्रश्न तिला पडला होता. 'छोटा' या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावून तो वगळता येतो, फक्त त्याचीही इंग्रजी रूपे दोन-तीन आहेत आणि सगळी वगळावी लागतात. याहून गमतीची अडचण जहाजाची होती. पी अँड ओ कंपनीचे 'नागपोर' नावाचे मालवाहू जहाज १९२० मध्ये बांधले गेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जर्मन पाणबुडीने ते बुडवले. त्यामुळे १९२३ च्या सिंगापूरच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या पत्रात जुन्या लेखनाने नागपूर शोधले की बंदरावर लागलेल्या आणि सुटलेल्या जहाजांच्या यादीतून ते पुन्हा पुन्हा वर येते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या गावाचे नाव बंदरातल्या यादीत वाचून मला उगाचच भरून आले होते. पाचव्या पानानंतर मात्र मी त्या जहाजाला मनातल्या मनात शिव्या घालू लागले. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक संग्रहांत बातमी, जाहिरात, याद्या असे वर्ग पाडलेले असतात. याद्या आणि जाहिराती वगळून फक्त बातम्या ठेवाव्यात.

तरीही वगळण्याचा सोस बरा नव्हे. हीच मुलगी उद्या एम्प्रेस मिलवर काम करायला निघाली, तर तिला जाहिरातीच आधी पाहाव्या लागतील. जमशेटजी टाटांनी ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याच्या घोषणेच्याच दिवशी सुरू केली आणि नाव त्यावरून पडले. त्या गिरणीच्या कापडाच्या किमती, तिच्या समभागांचे भाव, नोकरभरती, हे सगळे बातमीच्या स्तंभात नव्हे तर आजूबाजूच्या बारीक टाइपात असते. काय वगळायचे हे प्रश्न ठरवतो, संकेतस्थळ ठरवत नाही.

तारखांच्या बाबतीत एक सवय मी सगळ्यांना लावू पाहते. शब्द विसरून आधी दिनदर्शिका मांडावी. १ मे १९२३ हा मंगळवार होता. बजाजांना १७ जूनला अटक झाली, तो रविवार होता. सत्याग्रह संपला तो १८ ऑगस्टचा शनिवार. तार पोचायला एक-दोन दिवस, रविवारी अनेक पत्रे निघत नसत, साप्ताहिक असेल तर आणखी चार-पाच दिवस, असा हिशेब केला की कोणत्या अंकांत बातमी असायला हवी ते आधीच कळते. मग शोधाची चौकट रिकामी ठेवून ते अंक सरळ उघडायचे आणि परदेशी तारांचा स्तंभ डोळ्यांनी वाचायचा. यंत्राने ज्या बातमीतले नागपूर वाचलेच नव्हते, ती आम्हाला अशीच मिळाली. आणखी एक बारीक गोष्ट: उन्हाळ्यात हिंदुस्थान सरकार सिमल्याला असे आणि मध्य प्रांताचे सरकार पचमढीला. त्यामुळे नागपुरात घडलेल्या घटनेच्या बातमीवर सिमल्याचा किंवा मुंबईचा मथळा असू शकतो. बातमी कुठून निघाली आणि घटना कुठे घडली, या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या नाहीत तर वल्लभभाईंच्या नागपुरातल्या हालचाली सिमल्यात झाल्या असे लिहून मोकळे होण्याची वेळ येते, आणि तशी एक प्रबंधिका मी तपासलेली आहे.

मिळालेली बातमी कापून वाचण्याचा मोह आवरावा, हेही सांगते. संग्रह आपल्याला बातमीचा तुकडा काढून देतो, पण वाचकाच्या हाती त्या दिवशी पान होते. नागपूरची बातमी कितव्या पानावर होती, तिच्या डोक्यावर कोणती बातमी होती, मथळा किती स्तंभांचा होता, हे पाहिल्याशिवाय 'दखल घेतली' किंवा 'घेतली नाही' असे विधान करता येत नाही. आमच्या हाती लागलेली पहिली तार एका ऑस्ट्रेलियन प्रांतीय पत्रात लोकरीच्या भावांच्या खाली होती. बजाजांच्या अटकेला मिळालेली जागा बोटभरही नव्हती. मुलीचा चेहरा पडला. मी तिला सांगितले की ही बोटभर जागाच तुझा विषय आहे. मोज ती. किती ओळी, कोणते पान, शेजारी काय, हे सगळे नोंदव, म्हणजे मे ते ऑगस्ट या काळात ती जागा वाढली की घटली याचा तक्ता तुला मांडता येईल.

इथपर्यंतचे सगळे इंग्रजीचे झाले. मराठीकडे वळलो आणि खरी कसोटी लागली.

मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास १८३२ च्या 'दर्पण'पासून सांगता येतो, पण त्यातला शब्दानुसार शोधता येईल असा भाग अगदी थोडा आहे. बरेचसे स्कॅन केलेले खंड म्हणजे नुसती चित्रे आहेत आणि त्यांच्यामागे मजकुराचा थर नाही. जिथे तो आहे तिथे आपल्या भाषेचे व्याकरण आडवे येते. इंग्रजीत नागपूर म्हणजे नागपूरच. मराठीत प्रत्यय लागला की 'पू' दीर्घाचा ऱ्हस्व होतो. 'नागपूर' शोधणाऱ्याला 'नागपुरात', 'नागपुरास', 'नागपुरी' यांपैकी काहीच मिळत नाही. झेंडा शोधला तर 'झेंड्याचा' सुटतो, गिरणी शोधली तर 'गिरण्यांतील' सुटते. ज्या संग्रहात शब्दाचा आरंभ देऊन पुढे ताऱ्याचे चिन्ह (*) टाकता येते, तिथे 'नागपु' आणि 'नागपू' असे दोन्ही शोध द्यावेत. ही सामान्यरूपाची शिकवण शाळेत दिली जाते, तेव्हा ती संशोधनाला उपयोगी पडेल असे कुणालाच वाटत नाही.

त्यात १९६२ चा टप्पा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि गावांच्या नावातला 'पूर' दीर्घ ठरवला. त्याआधीच्या छापील मराठीत 'नांव', 'कांहीं', 'गांवांत' आणि 'नागपुर' अशी रूपे सर्रास आहेत. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा 'कांहीं' वाचले तेव्हा तिला ती छपाईची चूक वाटली होती. तिच्या आजीच्या पत्रांत मात्र ती तशीच असत, हे तिला नंतर आठवले. शब्दही वेगळे: झेंड्याला 'निशाण' आणि 'बावटा', मिरवणुकीला कुठे 'स्वारी', वर्षाला शके. १९२३ चा उन्हाळा म्हणजे शके १८४५, हे डोक्यात नसेल तर मास्टहेडवरची, म्हणजे पहिल्या पानावरच्या पत्राच्या नावाच्या पट्टीवरची, तिथी वाचून अंक कोणता ते कळायला उशीर लागतो.

अलीकडच्या काळावर काम करणाऱ्यांना वाटते की त्यांची यातून सुटका आहे. तसे नाही. माझ्या एका दुसऱ्या विद्यार्थ्याचा विषय विदर्भातल्या शेतीविषयक बातम्यांचा होता. त्याने 'शेतकऱ्यांनी' हा शब्द शोधला. बातम्या कमी आल्या. शेजारी बसलेल्या मुलाने एका जुन्या बातमीतला तोच शब्द उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवला, तर वेगळ्याच बातम्या आल्या. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत होते. भानगड त्या अर्ध्या 'र'ची होती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, तो दोन प्रकारांनी लिहिता येतो: एकदा नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त लावून, आणि एकदा साध्या 'र'नंतर हलन्त व न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. डोळ्याला एक, यंत्राला दोन. काही शोधयंत्रे हा भेद मिटवून टाकतात, काही मिटवत नाहीत. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'पुढाऱ्यांनी', 'वऱ्हाड' अशा प्रत्येक शब्दाला हा शाप आहे. विदर्भाचा अभ्यास करणाऱ्याला 'वऱ्हाड' शोधता येऊ नये, यापेक्षा मोठी थट्टा ती कोणती?

युनिकोडच्या आधीच्या फाँटांची कथा याहून वाईट. नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकातली कित्येक पाने अशा फाँटांत जुळवलेली आहेत, ज्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे भरलेली असतात. पीडीएफमधली ओळ उचलून वहीत उतरवली की स्वल्पविराम, टक्के आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी मिळते. तिच्यात शोध घेणे अशक्य. फाँट ओळखून रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरांपाशी तीही अडखळतात आणि दर परिच्छेद मूळ पानाशी ताडून पाहावा लागतो.

शेवटी मग नागपुरातल्या कपाटांकडेच वळावे लागते. 'हितवाद' १९११ पासूनचे, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेले. गोपाळराव ओगले यांचे 'महाराष्ट्र' त्यानंतर लगेच आले. सत्याग्रह ज्या गावात झाला त्याच गावच्या पत्रांत त्याचे तपशील असणार, हे उघड आहे. जुने बांधीव खंड पाहण्यासाठी आम्ही एका ग्रंथालयात गेलो. पहिल्या दिवशी चावी असलेले गृहस्थ रजेवर होते. दुसऱ्या दिवशी अर्ज मराठीत हवा होता की इंग्रजीत, यावर चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी खंड मिळाला, तर नेमके मे आणि जूनचे अंक कुणीतरी पूर्वीच कापून नेलेले. हे सांगताना मला राग येत नाही असे नाही, पण त्याच ग्रंथालयातल्या एका शिपाईकाकांनी आपणहून जुलैचा खंड शोधून आणला, टेबलावर पांढरे फडके पसरले आणि पान उलटताना वरच्या कोपऱ्याला धरायचे, मधोमध धरायचे नाही, हे मुलीला दाखवले. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ झालेला. पान उलटले की कडेचा चुरा टेबलावर सांडतो. काका तो चुरा हाताने गोळा करून पुन्हा खंडातच ठेवत होते.

तिथे एक तारतम्य पाळावे लागते. मोबाइलने छायाचित्र काढायला परवानगी असेल तर आधी मास्टहेड आणि तारखेचे छायाचित्र काढायचे, मग पूर्ण पानाचे, मग बातमीचे. हा क्रम मोडायचा नाही. आमच्या मुलीने ट्रोव्हवरून सुरुवातीला शंभराहून अधिक स्क्रीनशॉट घेतले होते आणि त्यांतल्या एकावरही पत्राचे नाव किंवा तारीख आली नव्हती. मी तिला रागावू शकले नाही. एम. फिल.च्या वेळी मी स्वतः एका पूर्ण वहीत उतारे लिहून काढले होते, सुवाच्य अक्षरात, लाल शाईने समास आखून, आणि पानांचे क्रमांक लिहायला विसरले होते. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तिचा मला काडीचाही उपयोग झालेला नाही.

म्हणून आम्ही नोंदीचा एक नमुना ठरवला. पत्राचे नाव, गाव, तारीख, पान, स्तंभ, मथळा, ओळी, कायमचा दुवा, कोणत्या संग्रहात कोणता शब्द देऊन सापडले, आणि पाहिल्याची तारीख. याखेरीज एक रकाना असा, ज्यात काही न सापडलेले शोध लिहायचे. मुलीला तो रकाना वेळेचा अपव्यय वाटला. तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, की जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकही बातमी नाही हे तू कशावरून म्हणतेस. तिने वही उघडून त्या आठवड्यातले प्रत्येक पत्र, प्रत्येक अंक आणि वापरलेले शब्द दाखवले, आणि तीन अंक संग्रहातच नाहीत हेही सांगितले.

मूळ अंक मिळत नसतील तर आडवाटा आहेत. ब्रिटिश सरकार देशी पत्रांतल्या मजकुराची इंग्रजी भाषांतरे करून घेत असे आणि त्यांचे गोपनीय अहवाल निघत. ज्या पत्राचा एकही अंक उरलेला नाही त्याचा एखादा उतारा त्यांत जिवंत असतो. अर्थात भाषांतरकाराला जे चिंताजनक वाटले तेच त्यात असते, हे विसरू नये. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गृह खात्याच्या राजकीय विभागाच्या फायली आहेत आणि त्यांत प्रांतांचे पंधरवडा अहवाल आहेत. 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' यांचे अंक गांधी हेरिटेज पोर्टलवर पाहता येतात. वर्तमानपत्राची ओळ आणि सरकारी अहवालाची ओळ शेजारी ठेवली की दोन्ही बोलू लागतात. १८ ऑगस्टच्या मिरवणुकीबद्दल तर कोण कोणापुढे नमले याचे सूर कागदागणिक बदलतात, आणि प्रबंधिकेतले सर्वांत चांगले प्रकरण त्याच बदलत्या सुरांवर झाले.

अलीकडे मुले संवाद साधणाऱ्या यंत्राला विचारून संदर्भ आणतात. यावर फार लिहीत नाही. या मुलीनेही एकदा तसा एक संदर्भ आणला होता, पत्राचे नाव, तारीख, पान, मथळा, सगळे अगदी नीटनेटके. आम्ही तो अंक उघडला. त्या पानावर क्रिकेटचे धावफलक होते. तेव्हापासून तिने ठरवले की जे पान डोळ्यांनी पाहिले नाही ते तळटीपेत जाणार नाही.

ऑगस्टच्या अखेरीस तिने मला ट्रोव्हवरचा एक दुवा पाठवला. आमचीच पहिली तार, लोकरीच्या भावांखालची. तिने दुरुस्त केलेल्या गावाच्या नावाखाली आणखी कुणीतरी दुसरी ओळ दुरुस्त केली होती, 'बजाज' या शब्दातली. कोण ते कळायला मार्ग नाही. टोपणनाव ऑस्ट्रेलियन वाटत होते. तिने सोबत एकच ओळ लिहिली होती: "मॅडम, तिसऱ्या ओळीत अजून एक चूक आहे, ती मी आज रात्री करते." नीट करते असे तिला म्हणायचे होते.